पहिले वाक्य कोणत्या भाषेत?

उटनूरच्या एखाद्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलीच्या एका दिवसात किती भाषा येतात, ते मोजून पाहावे. घरची गोंडी किंवा कोलामी. वर्गात तेलुगू. बाजारात मराठी, नाही तर दखनी. पुस्तकात इंग्रजी. आणि शाळा मिशनची असेल, तर फादर आणि सिस्टर आपसात बोलतात ती बहुधा मल्याळम. आदिलाबाद जिल्ह्यातल्या मुलांना याचे काही वाटत नाही. ओढा ओलांडावा तशी ती एका भाषेतून दुसरीत जातात. पण काही गोष्टी माणूस फक्त घरच्या भाषेतच बोलू शकतो.

समजा, अशी एक मुलगी दिवाळीत दंडारीसाठी गावी आली आहे. ढोल वाजताहेत, मोरपिसांचे टोप चढवून गुसाडी नाचताहेत. सुट्टी संपते आणि ती म्हणते, मी परत जाणार नाही. का, ते सांगत नाही. पोट दुखते म्हणते. आई रागावते, बाप समजूत घालतो. रात्री आजीशेजारी अंथरुणात पडल्यावर ती एक वाक्य बोलते. त्यात ‘अत्याचार’ हा शब्द नसतो, ‘लैंगिक’ तर नसतोच. ‘ते मला खोलीत बोलावतात, मला ते आवडत नाही’, एवढेच काहीतरी असते.

हे प्रकरण त्या वाक्याच्या प्रवासाचे आहे. ते वाक्य चर्चच्या शाळेबद्दल असेल, तर त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट बिशपच्या कार्यालयातून थेट रोमला जाते. दुसरी पोलीस ठाण्यातून विशेष न्यायालयात. धर्मप्रांत मुलांच्या बाबतीत किती सुरक्षित, हे पहिल्या वाटेवरच्या नियमांच्या जाडीवरून ठरत नाही. दुसऱ्या वाटेवर तो आडवा येतो की हात धरून नेतो, यावरून ठरते.

उटनूर निवडले ते तिथे असे काही घडले म्हणून नव्हे. एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेचे, म्हणजे आयटीडीएचे, हे मुख्यालय. गोंड, कोलाम, परधान, आंध, थोटी अशा जमातींची मुले इथे शिक्षणासाठी घर सोडून राहतात. सरकारी आश्रमशाळा आहेत, खासगी वसतिगृहे आहेत. आईबाप लांब, मूल संस्थेच्या ताब्यात आणि भाषा चार. कोणत्याही सुरक्षाव्यवस्थेची खरी परीक्षा घ्यायची तर ती मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये घेऊ नये, इथे घ्यावी.

बिशपचा अधिकार

कॅथोलिक चर्च जगाचा नकाशा धर्मप्रांतांत वाटते. प्रत्येक धर्मप्रांतावर एक बिशप आणि त्याच्या हाताखाली धर्मग्रामांचे फादर. शिवाय व्रतस्थ ब्रदर-सिस्टरांचे संघ असतात, त्यांचे स्वतःचे वरिष्ठ वेगळे. बिशपकडे त्याच्या प्रांतापुरते नियम करण्याचे, कारभार हाकण्याचे आणि निवाडा देण्याचे, असे तिन्ही अधिकार एकवटलेले असतात. फादरची नेमणूक तो करतो, बदलीही तोच करतो.

उटनूर ज्या भागात येते, त्याचा चर्चच्या नकाशावरचा इतिहास मराठी मुलखाशी जोडलेला आहे. १९६२ साली चांदा मिशन केरळच्या सीरो-मलबार चर्चमधील सीएमआय संघाकडे सोपवण्यात आले. त्यात चंद्रपूरच्या जोडीला आदिलाबादही होते. १९७७ साली चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला आणि १९९९ साली त्यातून आदिलाबाद वेगळा निघाला. चांद्याचे मुख्य ठाणे बल्लारपूरला, आदिलाबादचे मंचेरियालला. सीरो-मलबार हे रोमशी जोडलेले पूर्वेकडचे चर्च. त्याला पूर्वेकडील चर्चांसाठी १९९० साली केलेली वेगळी धर्मसंहिता लागू होते. पण मुलांवरील अत्याचाराच्या गुन्ह्यात पोपचे नियम पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चांना सारखेच बांधून ठेवतात.

अशा धर्मप्रांतांत ख्रिस्ती माणसे थोडी असतात आणि शाळेच्या बाकांवर बसलेली बहुतेक मुले ख्रिस्ती नसतात. त्यामुळे ‘हा चर्चचा अंतर्गत प्रश्न’ असे म्हणण्याची सोयच राहत नाही. जिच्या घरी पेर्सा पेनची पूजा होते, ती मुलगी बिशपच्या नियमांवर अवलंबून असते आणि ते नियम तिच्या आईबापाला माहीत नसतात.

बदली नावाचा रोग

शाळेतला मास्तर वाईट निघाला तर आपल्याकडे पहिला उपाय कोणता? बदली. गावकऱ्यांचे समाधान होते, कागद स्वच्छ राहतो आणि मास्तर दुसऱ्या गावी रुजू होतो. जगभरच्या धर्मप्रांतांनी अनेक दशके हेच केले. बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्राने जानेवारी २००२ पासून तेच उघड केले: मुलांवर अत्याचार केलेल्या धर्मगुरूंना बॉस्टनच्या महाधर्मप्रांताने एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवले आणि नव्या ठिकाणच्या आईबापांना काहीही सांगितले नाही.

पुढे आकडे आले. अमेरिकेतल्या जॉन जे कॉलेजच्या २००४ मधील अहवालात १९५० ते २००२ या काळातील ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप आणि १०,६६७ तक्रारदार नोंदले आहेत. त्या काळातील एकूण धर्मगुरूंच्या हे सुमारे ४ टक्के. फ्रान्समध्ये स्वतंत्र आयोगाने २०२१ साली अंदाज दिला, की १९५० पासून सुमारे २ लाख १६ हजार मुले धर्मगुरू आणि व्रतस्थांच्या अत्याचाराला बळी पडली. भारतातल्या चर्चने देशपातळीवरची अशी स्वतंत्र चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केलेला नाही.

मात्र हे फक्त ‘त्यांचे’ आहे, असे समजण्याचे कारण नाही. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. छळणारा अनेकदा ओळखीचा, विश्वासातला होता. चर्चचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. फादरला मूल ‘नाही’ म्हणू शकत नाही, कारण त्याच्या मागे देव उभा असतो. आणि फादरबद्दल आईबाप पोलिसांकडे जात नाहीत. त्यांना वाटते, देवाच्या घराची अब्रू आपण कशी काढायची? ज्यांची फी चर्च माफ करते, ज्यांची नोकरी मिशनच्या दवाखान्यात असते, त्यांच्या ओठांवर तर तिसरे कुलूप असते.

रोमची वाट

२००१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी अल्पवयीनांवरील अत्याचाराचे धर्मगुरूंचे गुन्हे थेट रोमच्या श्रद्धाविषयक खात्याकडे सोपवले. बिशपने परस्पर मिटवायचे दिवस कागदावर तरी तिथे संपले. २०११ साली त्या खात्याने प्रत्येक देशाच्या बिशप परिषदेला स्वतःची मार्गदर्शिका तयार करायला सांगितले, आणि भारताच्या परिषदेनेही ती केली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी जाहीर केले, की अशा प्रकरणांत हलगर्जी करणाऱ्या बिशपलाही पदावरून दूर करता येईल.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम मे २०१९ मधला. ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ हे त्याचे लॅटिन नाव. अर्थ, तुम्ही जगाचा प्रकाश आहात. त्याने चार गोष्टी बंधनकारक केल्या. प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार घेण्याची कायमची, लोकांना सहज गाठता येईल अशी व्यवस्था हवी. फादर, ब्रदर किंवा सिस्टर यांपैकी कोणाला अत्याचाराची माहिती कळली, तर ती चर्चच्या अधिकाऱ्याला कळवणे हे त्याचे कर्तव्य. तक्रार करणाऱ्याला ‘कुठे बोलू नका’ अशी अट घालता येणार नाही. आणि देशाच्या कायद्याने सांगितलेले कर्तव्य या नियमांमुळे कमी होत नाही. २०२३ साली हे नियम किरकोळ बदलांसह कायमचे झाले. त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, अशा खटल्यांवरचे ‘पोपचे गुपित’ही उठवण्यात आले. ‘रोमचे बंधन आहे, म्हणून कागद दाखवता येत नाहीत’ हे उत्तर तेव्हापासून खोटे ठरले.

तक्रार आली की बिशप प्राथमिक चौकशी लावतो. आरोपाचा तोंडावळा तरी खरा दिसतो का, एवढेच त्यात पाहायचे असते. निकाल द्यायचा नसतो. चौकशी चालू असताना फादरला धर्मग्रामातून, शाळेतून, मुलांच्या सहवासातून बाजूला काढता येते. कागद रोमला जातात. तिथून खटला कोणत्या पद्धतीने चालवायचा, ते कळते. शिक्षा ताकीद देण्यापासून धर्मगुरूपद कायमचे काढून घेण्यापर्यंत काहीही असू शकते.

पण पोप कोणाला तुरुंगात टाकू शकत नाही. चर्चचा कायदा धर्मगुरूचा झगा उतरवतो, बेडी घालत नाही. आणि झगा उतरवलेला माणूस दुसऱ्या गावी शिकवणीचे वर्ग काढायला मोकळा असतो. म्हणूनच दुसरी वाट हवी.

ठाण्याची वाट

पोक्सो कायदा, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याचे १९ वे कलम या प्रकरणाचा कणा आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा घडण्याची भीती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलेच पाहिजे. ‘कोणत्याही’ या शब्दातून फादर सुटत नाही, सिस्टर सुटत नाही, बिशपही सुटत नाही. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र दावा लावता येत नाही.

धार्मिक किंवा शिक्षणसंस्थेच्या माणसाने तिथल्या मुलावर केलेला अत्याचार हा कायदा ‘अधिक गंभीर’ मानतो आणि शिक्षा वाढवतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. विश्वासाचे माणूस सोबत हवे. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची. न्यायालयात आरोपी मुलाच्या नजरेसमोर येता कामा नये. नाव, गाव, शाळा छापायची नाही.

आणि एक तरतूद जणू उटनूरसाठीच लिहिली आहे. मुलाची तक्रार त्याला कळेल अशा सोप्या भाषेत लिहायची आणि लिहिण्याची भाषा त्याला येत नसेल, तर दुभाषा द्यायचा, असे कलम १९ सांगते. जबाबाच्या वेळी आणि न्यायालयातही दुभाष्याची सोय आहे. म्हणजे आजीजवळ गोंडीत उच्चारलेले वाक्य ठाण्यात पोचेपर्यंत गोंडीतच राहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. प्रत्यक्षात ते आधी वॉर्डनच्या तेलुगूत, मग मुख्याध्यापकांच्या इंग्रजीत आणि शेवटी ‘किरकोळ गैरसमज’ या दोन शब्दांत उतरण्याचा धोका असतो.

तीन प्रकरणे

पहिले मुंबईचे. २०१५ साली शिवाजीनगर भागातल्या एका चर्चमध्ये अल्पवयीन मुलावर धर्मगुरूने अत्याचार केला. कुटुंब श्रद्धाळू होते; ते आधी चर्चच्या वरिष्ठांकडे गेले, पोलिसांकडे नंतर. पोलिसांना कळवण्यात चर्चने तत्परता दाखवली नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये बीबीसीने हे प्रकरण मांडले, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस हे पोपने बोलावलेल्या बालसंरक्षण परिषदेच्या चार संयोजकांपैकी एक होते. आपण दुर्लक्ष केल्याचे त्यांनी नाकारले. रोमला जायचे असल्याने सहायक बिशपवर काम सोपवले होते, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष पोक्सो न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली.

यातला बोध कार्डिनलच्या प्रवासाबद्दलचा नाही. मुलाची आई संकटात सापडली आणि तिचे पाय आपोआप चर्चकडे वळले. असे पाय वळणारच. तेव्हा चर्चच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने सर्वांत आधी ‘चला, ठाण्यात जाऊ’ म्हणायला हवे. प्रार्थना नंतरही करता येते.

दुसरे प्रकरण केरळमधील कोट्टियूरचे, आणि ते सीरो-मलबार चर्चच्याच मानंतवाडी धर्मप्रांतातले. रॉबिन वडक्कुमचेरी हे तिथले धर्मगुरू आणि शाळेचे व्यवस्थापकही. २०१७ साली अत्याचाराची माहिती चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीपर्यंत पोचली आणि त्यांना अटक झाली. खटल्यात पीडित मुलगी आणि तिचे आईवडीलच फितूर झाले. दबाव कशाला म्हणतात, ते यावरून कळावे. तरीही डीएनए चाचणीपुढे फितुरी टिकली नाही, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तलश्शेरीच्या न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा सुनावली. त्यानंतर पोपने त्यांचे धर्मगुरूपद काढून घेतले. दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालल्या गेल्या त्या या प्रकरणात. पण सुरुवात बाहेरून गेलेल्या माहितीने झाली, धर्मप्रांताच्या तक्रारपेटीतून नव्हे.

तिसरे प्रकरण चर्चचे नाही. पण उटनूरला सर्वांत जवळचे आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेला लागून चंद्रपूर जिल्ह्यातले राजुरा. २०१९ साली तिथल्या एका खासगी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या एका डॉक्टरवरही गुन्हा दाखल झाला: अत्याचार केल्याचा नव्हे, माहीत असून न कळवल्याचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. डॉक्टर दोषी की निर्दोष, हा खटल्याचा विषय. पण न कळवणे हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे आणि तो सुरुवातीलाच गुंडाळून टाकता येत नाही, हे त्या निकालाने देशभर पक्के केले.

वसतिगृह चालवणाऱ्या प्रत्येक फादरने, सिस्टरने आणि शासकीय वॉर्डनने हा निकाल वाचायला हवा. मराठी मुलखातल्या एका तालुक्याच्या गावी, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात त्याचा जन्म झाला आहे.

पापनिवेदनाचा पेच

एक प्रश्न नेहमी विचारला जातो. गुन्हेगाराने पापनिवेदनात, म्हणजे कन्फेशनमध्ये, कबुली दिली तर? चर्चच्या कायद्यानुसार ऐकणाऱ्या फादरने ती कोणालाही सांगायची नाही. सांगितल्यास त्याचीच धर्मातून हकालपट्टी होते. भारतीय कायद्यात मात्र फादरला अशी सूट नाही. वकील आणि अशील, पती आणि पत्नी यांच्यातल्या बोलण्याला साक्षीच्या कायद्यात संरक्षण आहे, फादर आणि पापनिवेदकाच्या बोलण्याला नाही. पोक्सोच्या कलम १९ मध्येही अपवाद नाही. ऑस्ट्रेलियातल्या काही राज्यांनी तर कायद्यातच लिहून टाकले, की बालअत्याचाराच्या बाबतीत हे गुपित चालणार नाही.

हा पेच खरा आहे, पण त्याची व्याप्ती लहान आहे. बहुतेक वेळा माहिती पापनिवेदनातून येत नाही. ती स्वयंपाकघरातून येते, वॉर्डनच्या कानावरून येते, मुलीच्या चिठ्ठीतून येते. आणि मुलानेच पापनिवेदनात काही सांगितले, तर फादर त्याला तिथेच धीर देऊन म्हणू शकतो, की हे बाहेर, तुझ्या विश्वासाच्या माणसाला सांग. पापनिवेदनाच्या गुपिताआड चहाच्या टेबलावर ऐकलेली गोष्टही झाकणे, हा पेच नव्हे, सोय आहे.

कुलूप, काच आणि वही

प्रतिबंध म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर व्याख्यान येते. वसतिगृहात तो सुतारकामापासून सुरू होतो. मुलांशी एकटे बोलायच्या खोलीच्या दाराला काच हवी. स्वच्छतागृहाची कडी आतून लागली पाहिजे, आणि तिथपर्यंतच्या वाटेवर रात्री दिवा हवा. मुलांच्या झोपायच्या दालनात कोणीही मोठा माणूस मुलांसोबत झोपत नाही. मुलांना घेऊन बाहेरगावी जाताना किमान दोन मोठी माणसे. मुलींच्या बरोबर एक बाई.

मग वही. कोण आले, कोणाला भेटले, किती वाजता गेले. कोणत्या मुलाला कोणी सुट्टीवर नेले, सही कोणाची. आजारी मुलीला दवाखान्यात नेले तेव्हा सोबत कोण होते. या वह्या कंटाळवाण्या असतात आणि म्हणूनच उपयोगाच्या असतात. महिन्यातून एकदा बाहेरचे कोणीतरी त्या चाळते, एवढे कळले तरी बरेच हात आवरतात.

माणसे घेताना २०२० च्या पोक्सो नियमांनी मुलांच्या सततच्या संपर्कातल्या संस्थांना पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी बंधनकारक केली आहे, आणि तीही वेळोवेळी. हे फक्त शिक्षकांपुरते नाही. स्वयंपाकी, चौकीदार, गाडीचा ड्रायव्हर आणि सुट्टीत येणारा ‘ओळखीचा’ स्वयंसेवकही त्यात येतो. परप्रांतातून आलेल्या फादरच्या बाबतीत आधीच्या धर्मप्रांताकडून लेखी माहिती मागवायला हवी. बदलीचा रोग इथेच धरता येतो.

शिकवण्याचा भाग शेवटी येतो, पण सुटत नाही. मुलाला आपल्या अवयवांची नावे न लाजता सांगता आली पाहिजेत, तीही घरच्या भाषेत. मोठ्यांना जाळे कसे विणले जाते, ते माहीत हवे: आधी खाऊ, मग एखादी खास सवलत, मग मोबाइल, मग ‘हे आपले दोघांचेच गुपित’. सुरक्षित मोठा माणूस मुलाला कधी गुपित ठेवायला सांगत नाही. हे एक वाक्य मुलांना पाठ झाले, तर खूप झाले.

आरोपीचे काय?

आरोप झाला म्हणजे गुन्हा ठरला असे नाही. तक्रार झाली, की फादरला मुलांपासून दूर करणे ही शिक्षा नव्हे, खबरदारी आहे. निर्दोष ठरल्यास त्याचे नाव जाहीरपणे मोकळे करणे हेही धर्मप्रांताचेच काम. खोटी तक्रार द्वेषाने करणाऱ्या मोठ्या माणसाला पोक्सोच्या कलम २२ मध्ये शिक्षा आहे; मुलाला मात्र नाही, आणि ते योग्यच आहे. पण ‘खोट्या तक्रारी येतात’ या सबबीवर आधी घरातल्या घरात चौकशी करून खात्री पटवायची आणि मगच पोलिसांना सांगायचे, ही पद्धत दोघांचेही नुकसान करते. मुलाला तीच गोष्ट चार जणांना सांगावी लागते आणि प्रत्येक वेळी ती थोडी बदलते. पुढे न्यायालयात वकील त्या बदलावरच बोट ठेवतो. बिशपच्या समितीने तपास अधिकारी होऊ नये. तिने मुलाला वाचवावे, पुरावा जपावा आणि ठाण्याचा रस्ता धरावा.

चांगल्या समितीची ओळख तिच्या माणसांवरून होते. तिच्यात सगळे फादरच असतील, तर ती समिती नव्हे, सहकाऱ्यांची बैठक आहे. बायका हव्यात, वकील हवा, समुपदेशक हवा, चर्चच्या पगारावर नसलेले निदान काही जण हवेत. उटनूरसारख्या ठिकाणी गोंडी आणि कोलामी बोलणारी एक बाई असल्याशिवाय तर ती पुरी होऊच नये.

ऐकणारा माणूस

सेतुमाधवराव पगडी मराठी वाचकाला शिवकालाचे इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या गोंडांत काम केले, गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले. त्याच काळात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी मारलवाईला मुक्काम ठोकला, गोंड तरुणांतून शिक्षक तयार केले आणि गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापून घेतले. ही हालचाल आपोआप झाली नव्हती. १९४० साली जोडेघाटला गोंडांच्या बंडाचा नेता कुमराम भीम मारला गेला, तेव्हा कुठे निजामाच्या सरकारला प्रश्न पडला, की या लोकांचे म्हणणे तरी काय आहे. त्यांची गाऱ्हाणी वर्षानुवर्षे ज्या कचेऱ्यांत गेली, तिथे त्यांची भाषा जाणणारे कोणी नव्हते.

धर्मप्रांतांच्या बाबतीत तेच घडू नये. जगातल्या प्रत्येक चौकशीने शेवटी एकच गोष्ट सांगितली: मुलांनी सांगितले होते; ऐकणाऱ्याने ऐकले नाही. नियम आता आहेत, रोमचेही आणि दिल्लीचेही. उटनूरच्या वसतिगृहात ते इंग्रजी पाटीवर, कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर लागले, तर ते नसल्यासारखेच.

आपले मूल एखाद्या वसतिगृहात ठेवणाऱ्या आईबापांनी म्हणून दाखल्याच्या दिवशीच विचारावे, ते मिशनचे असो की सरकारचे: रात्री मुलांजवळ कोण असते? मुलाला घरी फोन करायचा वार कोणता, आणि तो फोन कोणासमोर करायचा? तक्रार घेणाऱ्या बाईंचे नाव काय, त्यांना आमची भाषा येते का? पोलीस पडताळणीचे कागद कुठे आहेत? विचारायला संकोच वाटेल. समोरच्याने राग धरला, तर मूल परत घेऊन यावे.

आणि १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा आकडा मुलांना शिकवतो तसा घरातल्या म्हातारीलाही शिकवून ठेवावा. पहिले वाक्य ऐकणार आहे ती बहुतेक तीच.